नदीचे पाणी माळावर बिघडते

नदी गढूळ झाली, पाण्याला वास येऊ लागला की आपण शहराच्या नाल्याकडे बोट दाखवतो. ते चुकीचे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या यादीत देशातले ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरले, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते. पण ती यादी मुख्यतः पाण्यातल्या जैविक घाणीच्या मोजणीवर, म्हणजे बीओडीवर बेतलेली होती. सांडपाण्याचा नाला अशा मोजणीत सापडतो, कारण तो बारा महिने एकाच ठिकाणी नदीला मिळतो. उघड्या माळावरून येणारी घाण मात्र पहिल्या जोरदार पावसाच्या चार तासांत, शेकडो वगळींतून आणि ओढ्यांतून येते. नमुन्याची बाटली भरायला माणूस पोहोचेपर्यंत ती पुढच्या बंधाऱ्यात जाऊन बसलेली असते.

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्याने याचा विचार इतरांच्या आधी करायला हवा. शहराजवळून लेंडी नदी वाहते. पाटोद्याजवळ बालाघाटात उगम पावून बीड, धाराशिव, लातूर आणि बिदर ओलांडत ७२४ किलोमीटर वाहणारी मांजरा इथे जवळजवळ शेवटच्या टप्प्यात असते. थोडे पुढे कंदकुर्तीला ती गोदावरीत मिसळते. वरच्या जिल्ह्यांनी माळावर जे केले, त्याचा वाटा खाली इथेही येऊन पोहोचतो. आणि देगलूरच्या माळावरून जे वाहते, ते तेलंगणातल्या शेजाऱ्याच्या पाण्यात जाते.

माळावर नेमके काय होते, ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मे महिन्यात गायरानात उभे राहा आणि तांब्याभर पाणी उघड्या, खुरांनी दडपलेल्या जमिनीवर ओता. पाणी क्षणभर थबकते, वर मातीची चिकट साय धरते आणि उताराला लागते. तेवढेच पाणी पवन्याच्या किंवा मारवेलच्या ठोंबाच्या बुडाशी ओता. बघता बघता ते आत जिरते, कारण तिथे मुळांनी आणि किड्यामुंग्यांनी जमीन सच्छिद्र ठेवलेली असते. आता आजूबाजूला पाहा. पवन्या आणि मारवेल शोधावे लागतील. तरोटा, गाजर गवत आणि रुई मात्र मुबलक दिसतील, कारण त्यांना जनावर तोंड लावत नाही. ज्या गायरानात फक्त न खाल्ले जाणारेच उरले आहे, ते अतिचराईने संपत आलेले आहे.

एक हेक्टर माळावरून फक्त एक मिलिमीटर मातीचा थर गेला तर १० घनमीटर, म्हणजे साधारण १३ टन माती जाते. एवढा थर गेलेला डोळ्यांना कळतही नाही. हीच बारीक माती फॉस्फरस धरून नदीत उतरते आणि उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरवी शेवाळ माजते. माळावरचे आणि पाणवठ्यावरचे शेण तिच्याबरोबर येते. जनावरे पाण्यासाठी जिथे उतरतात, तिथे काठ खुरांनी ढासळतो, दरड कोसळते, झाडोरा मरतो आणि उतारावरची घाण अडवणारी शेवटची पट्टीही जाते.

याचा संबंध थेट पिण्याच्या पाण्याशी आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ एनटीयूपर्यंत चालतो. हा आकडा केवळ दिसण्यासाठी ठरवलेला नाही. मातीच्या कणाआड लपलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. शिवाय जनावरांच्या, विशेषतः लहान वासरांच्या विष्ठेतून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. ज्या पाणलोटात माळ उघडा पडला आहे, तिथे पावसाळ्यात तुरटीचा आणि ब्लिचिंगचा डोस वाढवत नेणे एवढेच नगरपालिकेच्या हाती उरते. शहर मोठे असेल तर गाळण यंत्रणा तरी असते. लेंडीकाठच्या खेड्याला तीही नसते.

धरणांचे काय होते, हेही याच हिशेबात धरले पाहिजे. देगलूरला करडखेडच्या मध्यम प्रकल्पाचा आधार आहे. मुखेड तालुक्यात लेंडीवरचा आंतरराज्य प्रकल्प १९८०च्या दशकापासून रखडत आला. त्यासाठी गावांनी घरे, शेते सोडली. एवढी किंमत मोजून अडवलेले पाणी गाळाने हटवले जाणार असेल, तर ती फसवणूक विस्थापितांची आहे. २०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. योजना चांगली आहे. शेतकऱ्याला माती मिळते, तलावाला जागा मिळते. पण वरच्या माळाला हात न लावता काढलेला गाळ पुन्हा भरणारच. जेसीबीचे तास मोजणारी यंत्रणा गवताचे ठोंब मोजत नाही, ही या कामातली मूळ चूक आहे.

दोष गुराख्याचा नाही. नांदेड-लातूरकडे गेल्या दोन-तीन दशकांत ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही, म्हणून दावणीवरचे जनावर माळावर आले. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमध्ये महाराष्ट्रातली गाई-बैलांची संख्या सुमारे १० टक्क्यांनी घटली, शेळ्या मात्र जवळपास २५ टक्क्यांनी वाढून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याची शेळी हीच ठेव असते आणि तिला गायरानाशिवाय जागा नाही. देवणी आणि लाल कंधारी ही या मुलखाचे नाव राखणारी गोधने. तीही याच माळांवर पोसली गेली.

आणि माळच आकसतो आहे. २०११च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्यास सांगितले. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर राज्यातल्या गायरानांवर २ लाख २२ हजारांच्या आसपास अतिक्रमणे असल्याची आकडेवारी आली. पण मराठवाड्यात हा प्रश्न नुसत्या अतिक्रमणाचा नाही. भूमिहीन दलितांनी दादासाहेब गायकवाडांपासून एकनाथ आवाडांपर्यंत गायरानासाठी लढा दिला, आणि १४ एप्रिल १९९०पूर्वीचे त्यांचे कसणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. पाणी शुद्ध करण्याच्या नावाखाली या माणसांना हुसकावले, तर तो अन्यायच ठरेल. मला त्यापेक्षा धोक्याची वाटते ती दुसरी गोष्ट: उरलेले गायरान ‘पडीक’ म्हणून सौर प्रकल्पांना लावले जाते आहे. वीज हवी, पण त्या जागेवर पाणी जिरत होते आणि शेळ्या चरत होत्या, हा हिशेब कागदावर येत नाही.

उपाय नवे नाहीत. हिवरे बाजारने चराईबंदी केली, तरी गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. म्हणून ती बंदी टिकली आणि गावाचे दूधही वाढले. संपूर्ण बंदी प्रत्येक गावाला झेपणार नाही. आळीपाळी झेपेल. गायरानाचे तीन-चार भाग करायचे, दर वर्षी एक भाग पहिल्या पावसापासून बी गळेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत राखायचा आणि नंतर कापणीला खुला करायचा. ज्यांच्याकडे शेळ्याच आहेत, जमीन नाही, त्यांना कापणीचा पहिला हक्क द्यायचा. नदीकाठाला दहा-पंधरा मीटरची पट्टी निर्गुडी, घायपाताने राखायची, आणि जनावरांसाठी काठापासून दूर हाळ बांधायचा. उतरायला लागलेच तर दगडी फरसबंदीची एकच वाट.

न्यूयॉर्क शहराने १९९०च्या दशकात हेच ओळखले. कॅट्सकिल डोंगरांतल्या गुरे पाळणाऱ्यांशी करार करून, ओढ्यापासून गुरे दूर ठेवण्यासाठी कुंपण आणि पाण्याच्या सोयीचा खर्च शहराने उचलला, कारण अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प त्याहून फार महाग होता. आपल्याकडे हा खर्च गुराख्याच्या माथी मारून चालणार नाही. पाणी वापरणारे शहर, धरणाचे खाते आणि जिल्हा नियोजन समिती यांनी तो वाटून घ्यावा. जलसंधारणाच्या आराखड्यात गायरान आणि काठपट्टी हे स्वतंत्र काम म्हणून धरले पाहिजे. आज ते बंधारा आणि खोदाईच्या खाली दडपले जाते.

याला वेळ लागतो. दडपलेली जमीन एका पावसात मोकळी होत नाही, पवन्या परत यायला तीन-चार पावसाळे जातात. आज सुरुवात केली नाही, तर पुढच्या अवर्षणात लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजहून रेल्वेने पाणी आणावे लागले तशी वेळ येईल, आणि तेव्हा जवळच्या तलावात जे थोडे पाणी उरलेले असेल, तेही पिण्यालायक नसेल. १ मेची ग्रामसभा पावसाच्या महिनाभर आधी येते. तलाठ्याकडून गायरानाचा सातबारा आणि नकाशा घ्या, शिवारफेरी करा, आणि या वर्षी कोणता भाग राखायचा, हा ठराव त्याच सभेत करून घ्या.