कावीळ: यकृताचं नुकसान विषाणू करतो की आपलीच प्रतिकारशक्ती?

पावसाळा आला की आंबोलीच्या घाटात गर्दी उसळते. धबधब्याखाली भिजायचं, गरम भजी खायची आणि तहान लागली की झऱ्याचं 'शुद्ध' पाणी ओंजळीने प्यायचं. पण पाणी नितळ दिसतं म्हणजे ते सुरक्षित असतंच असं नाही. त्यात वरून सांडपाणी मिसळलं असेल, तर हिपॅटायटिस ए किंवा ई चा विषाणू पोटात जाऊ शकतो. लक्षणं दिसतात ती दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांनी, म्हणजे सहल विसरून गेल्यावर.

मग यकृतात नेमकं काय होतं?

हे विषाणू यकृताच्या पेशींमध्ये वाढतात, पण त्या पेशी थेट फारशा मारत नाहीत. शरीराच्या लढाऊ टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी शोधून नष्ट करतात आणि या लढाईत यकृताला सूज येते. डोळे पिवळे होतात ते त्यामुळे.

या लढाईला ब्रेक कोण लावतं?

'नियामक टी पेशी'. 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच पेशींशी संबंधित शोधासाठी मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. ब्रेक कमी पडला तर यकृत जास्त होरपळतं. जास्त लागला तर विषाणूला वेळ मिळतो.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हिपॅटायटिस ई च्या रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा आजाराच्या ऐन काळात या पेशींचं प्रमाण वाढलेलं आढळलं. दक्षिण कोरियात हिपॅटायटिस ए च्या रुग्णांमध्ये मात्र उलट चित्र दिसलं: या पेशी घटल्या होत्या, आणि त्या जितक्या कमी तितकी यकृताची इजा जास्त. कावीळ दिसायला एकच, पण विषाणूनुसार शरीराचं गणित बदलतं.

याचा आपल्याशी काय संबंध?

कावीळ झाली की 'इम्युनिटी वाढवा' म्हणत काढे आणि पावडरींचे मेसेज फिरू लागतात. पण इथे प्रश्न प्रतिकारशक्ती कमी असण्याचा नसून तिचा तोल राखण्याचा असतो. शिवाय काही काढे आजारी यकृतावर आणखी भार टाकू शकतात. गळ्यात माळ घालून कावीळ 'उतरते', कारण बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. श्रेय मात्र माळेला जातं.

सगळ्यांचंच नशीब तसं नसतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाल्यास 20 ते 25 टक्के महिलांचा मृत्यू होऊ शकतो. अशा वेळी माळेत घालवलेले दिवस महागात पडतात. गरोदर महिलेला कावीळ झाली, किंवा कुणाही रुग्णाला गुंगी, असंबद्ध बोलणं, रक्तस्राव अशी लक्षणं दिसली, तर थेट रुग्णालय गाठावं.

2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. अशा साथी दूषित पाण्यातून पसरतात आणि त्या रोखायच्या तर पाणीच सुधारावं लागतं. गावाने पाण्यात क्लोरीन नीट टाकायचं, घरी ते उकळायचं, आणि घाटात जाताना बाटली घरूनच भरून न्यायची.