गुटीचे शेवाळ कुठले?



रोपवाटिकेत रोजाने जाणाऱ्या भगिनींना गुटी कलम काय ते सांगायला नको. डाळिंबाच्या फांदीची साल बांगडीसारखी काढायची, त्यावर ओले शेवाळ गुंडाळायचे, वरून प्लास्टिक घट्ट बांधायचे. काही आठवड्यांत आत मुळ्या फुटतात. हे शेवाळ म्हणजे आपल्या मोरीत पावसाळ्यात धरते ते बुळबुळीत शेवाळ नव्हे. त्याचे नाव स्फॅग्नम. स्कॉटलंड, आयर्लंड, रशिया, कॅनडा अशा थंड मुलखांतील दलदलीत ते मैलोगणती पसरलेले असते.

ते ओळखायचे कसे? त्याला मुळे नसतात. देठाच्या शेंड्याला बारीक फांद्यांचा गोंड्यासारखा झुबका असतो, वरून पाहिला तर चांदणीसारखा दिसतो. मूठभर उचलून पिळा, स्पंजासारखे पाणी गळते. वाळले की पांढुरके पडते. ही झाली सर्वसाधारण खूण. पण त्याच्या जाती पुष्कळ, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. डबक्यात तरंगणारी कस्पिडेटम ही जात बाहेर काढली की भिजलेल्या मांजराच्या पिलासारखी लोंबते. उंचवट्यावर लालसर रुबेलम आढळते. जाड्या फांद्यांचे, पिवळट तपकिरी ते पॅपिलोसम. अर्थात रंगावर फार विसंबू नये, खात्रीसाठी पान सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागते. तेथे हिरव्या जिवंत पेशींच्या जाळीत मोठ्या, पोकळ, मेलेल्या पेशी दिसतात. पाणी साठते ते या पोकळ पेशींत. कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत!

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) कापूस स्फोटकांकडे वळला आणि जखमी शिपायांसाठी पट्ट्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा ब्रिटनमध्ये बायका-मुलांनी दलदलीत उतरून हे शेवाळ गोळा केले, निवडले, वाळवले. त्याच्या पट्ट्या रक्त तर शोषतच, शिवाय शेवाळ आंबट गुणाचे असल्याने जंतूंना आळा बसे.

याच आंबटपणामुळे आणि पाण्याखाली हवा पोचत नसल्यामुळे मेलेले शेवाळ नीट कुजत नाही. थरावर थर चढतो, त्याला पीट म्हणतात. वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षे! डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट खणणाऱ्यांना एक प्रेत सापडले. ताजा खून समजून पोलिसांना बोलावले गेले. तो माणूस सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा निघाला, दाढीचे खुंटसुद्धा शाबूत.

जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्केच भाग असा आहे, पण जगातील सर्व जंगलांच्या झाडांत मिळून नसेल इतका कार्बन त्यात साठला आहे. चर खणून पाणी काढले की पीटला हवा लागते, ते कुजते आणि तो कार्बन वायू होऊन वर जातो.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फ्लो कंट्री भागात हेच झाले. तेथे झाडे लावली की करात सूट मिळे. १९८० च्या दशकात दूरदूरच्या धनिकांनी पैसा गुंतवला, दलदल नांगरली गेली, सूचिपर्णी झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या. झाडे लावणे नेहमीच पुण्याचे काम, असे समजणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. ती सूट १९८८ मध्ये बंद झाली. पुढे तीच झाडे तोडून चर बुजवण्याचे काम सुरू झाले. २०२४ मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा ठरवले. पाणी अडवलेल्या चरांत स्फॅग्नम पुन्हा धरू लागले आहे.