काखेत कळसा पुरस्कार

लपवलेला डबा शोधण्याचा एक खेळ आज जगभर खेळला जातो. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी एक छोटा डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीची मंडळी ते आकडे मोबाइलमध्ये घालून शोधायला निघतात. डबा सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची. आतली एखादी चिमुकली वस्तू घ्यावीशी वाटली, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून परत यायचे. आपल्या लहानपणचा लपंडावच हा. फक्त राज्य आपल्यावर आणि खुणा सांगायला आकाशातले उपग्रह!

या खेळाचा जन्मही गमतीदार आहे. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर-शंभर मीटर चुकणारी यंत्रे एका रात्रीत दहा-वीस मीटरपर्यंत अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर या गृहस्थांनी एक बादली रानात अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा ठावठिकाणा जाहीर केला. बादलीत पुस्तके होती, गलोल होती आणि शेंगदाण्यांचे नव्हे, पण घेवड्याच्या दाण्यांचे एक डबाबंद टिनही होते. आज या खेळाचे नियम सांगतात, की डबा जमिनीत पुरायचा नाही आणि त्यात खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही. म्हणजे खेळातला पहिलावहिला डबाच आजच्या नियमांत दोनदा नापास! तरीही ते गंजके टिन पुढे शोधून काढण्यात आले आणि खेळाच्या मोठ्या मेळाव्यांत ते कौतुकाने मिरवले जाते. स्वतःवर हसण्याची सवय या मंडळींना अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

मात्र या खेळात हिशेब ठेवला जातो. कोणी किती डबे शोधले, हे प्रत्येकाच्या नावापुढे आकड्यात दिसते. वर्षाअखेरीस मंडळाचा मेळावा भरला, की साहजिकच सर्वांत मोठ्या आकड्याला करंडक देण्याचे ठरते. आकडा मोठा कोणाचा? ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे, गाडी आहे आणि पेट्रोलला पैसे आहेत त्याचा. दर वर्षी तीच दोन-तीन माणसे मंचावर जातात आणि बाकीची पंधरा कुटुंबे टाळ्या वाजवतात. दोन वर्षे टाळ्या वाजवून झाल्या, की तिसऱ्या वर्षी त्यांतली काही येतच नाहीत. हौशी मंडळे भांडणाने जितकी मोडतात, त्याहून अधिक अशा मुकाट्याने गळणाऱ्या माणसांमुळे मोडतात. म्हणूनच गमतीच्या पुरस्कारांचा समारंभ हा वाटतो तितका फालतू विषय नाही.

समजा, चंडीगडमधल्या पंधरा-वीस कुटुंबांनी असा समारंभ करायचा ठरवला. शहर या खेळाला अगदी साजेसे आहे. सुमारे आठशे मीटर बाय बाराशे मीटरचे सेक्टर आखलेले, प्रत्येकाला क्रमांक दिलेला. एवढ्या शिस्तीच्या शहरातही लपवाछपवी आहेच! कितीतरी वर्षे सेक्टर १२ नंतर थेट १४ येत असे; २०२० मध्ये मनीमाजऱ्याला सेक्टर १३ हे नाव मिळाले, तेव्हा कुठे तो हरवलेला आकडा सापडला.

आणि लपवण्याच्या कलेतले गुरू तर याच शहराचे. नेक चंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांच्या कामावर निरीक्षक होते. १९५७ पासून त्यांनी सुखना तलावाजवळच्या सरकारी रानात, कोणालाही न सांगता, फुटक्या बांगड्या, तुटक्या कपबश्या आणि टाकाऊ फरशांतून मूर्तींचे एक राज्य उभे केले. जवळजवळ अठरा वर्षे ते लपून राहिले. सरकारला पत्ता लागला तेव्हा कायद्याने ते सारे पाडायला हवे होते. लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९७६ मध्ये तेच रॉक गार्डन म्हणून खुले झाले आणि १९८४ मध्ये नेक चंदना पद्मश्री मिळाली. चंडीगडच्या मंडळाने हे ध्यानात ठेवावे. शोधणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. पण लपवणाऱ्याने कष्ट घेतले म्हणून तर शोधणाऱ्याला काही सापडते. पहिला किताब लपवणाऱ्याला द्यावा. नावही तयार आहे: 'दृष्टीआड सृष्टी'.

किताबांची नावे शोधायला फार लांब जायला नको. आपल्या म्हणींचा डबा उघडा आहे. सगळा सेक्टर पालथा घातला आणि डबा मात्र बसल्या बाकाखालीच होता, अशा सदस्याला 'काखेत कळसा'. चार तास टेकडी चढून काडेपेटीएवढी डबी हाती लागलेल्याला 'डोंगर पोखरून उंदीर'. कितीही खोदून विचारले तरी जागा न सांगणाऱ्याला 'झाकली मूठ'. शोधाच्या वाटेवरचा कचरा पिशवीत भरून आणणाऱ्याला 'सफाईदार'. कचरा उचलण्याची ही मोहीम जगभरचे खेळाडू २००२ पासून राबवत आहेत. मंडळात पंजाबी-हिंदी बोलणारी कुटुंबे असणारच. त्यांनाही या म्हणी परक्या नाहीत. आपल्या कळशाला त्यांच्याकडे 'बगल में छोरा, शहर में ढिंढोरा' आहे आणि आपल्या उंदराला 'खोदा पहाड़, निकली चुहिया'. दोन्ही भाषांत किताब वाचला, तर हशाही दुप्पट होईल.

थट्टेच्या पदव्या देणे आपल्याला नवे नाही. शेला आणि पागोटे हा खरा तर मानाचा पोशाख. पण होळीच्या दिवसांत आपण 'शेलापागोटे' म्हणून भल्याभल्यांना वात्रट पदव्या बहाल करत आलो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातले फिशपाँड तर अनेकांना आठवत असतील. नाव न लिहिता पेटीत चिठ्ठी टाकायची आणि ती सर्वांसमोर वाचली जायची. त्यात जितकी मजा असे, तितकाच धोकाही असे. ज्याच्यावर चिठ्ठी, तो समोर बसलेला; लिहिणारा मात्र अंधारात. एखाद्या मुलीच्या रंगावर, एखाद्याच्या तोतरेपणावर चिठ्ठी निघाली, की सभागृह हसे आणि ते एक माणूस खाली मान घालून बसे.

ही चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. हॉलिवूडमध्ये १९८१ पासून 'गोल्डन रास्पबेरी' नावाने सर्वांत वाईट चित्रपटांना आणि अभिनयाला गमतीचे पुरस्कार देतात. २०२२ मध्ये त्यांनी ब्रूस विलिस यांच्या वाईट अभिनयासाठी खास वेगळा विभागच काढला. थोड्याच दिवसांत कुटुंबाने जाहीर केले, की त्यांना वाचा आणि आकलन यांवर परिणाम करणारा आजार आहे. पुरस्कार मागे घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी तर एका बारा वर्षांच्या मुलीचे नाव यादीत घातले गेले. लोक संतापले, तेव्हा माफी मागून अठराच्या आतील कोणालाही यापुढे यादीत घेणार नाही, असा नियम करावा लागला.

याउलट 'इग नोबेल' पाहा. विचित्र वाटणाऱ्या संशोधनाला आणि कामगिरीला १९९१ पासून हे पुरस्कार दिले जातात. तिथे निवड झालेल्याला आधी गुपचूप कळवतात आणि नको असेल तर नाकारण्याची मुभा देतात. बहुतेक जण आनंदाने स्वीकारतात. २००३ चा तिथला शांतता पुरस्कार उत्तर प्रदेशातील आझमगडचे लाल बिहारी यांना मिळाला. सरकारी कागदपत्रांत ते मृत म्हणून नोंदले गेले होते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला १९९४ उजाडले. दरम्यान त्यांनी आपल्यासारख्याच 'मृतां'चा संघ स्थापन केला होता. हा पुरस्कार ऐकून जग हसले. पण ते कागदाला हसले, माणसाला नाही. लाल बिहारींची बाजू त्या हशाने बळकटच झाली.

आपल्या मंडळाची कसोटी हीच ठेवावी. जो किस्सा तो माणूस चहाच्या वेळी स्वतःच रंगवून सांगतो, त्यावरच किताब द्यावा. जो तो कधीच काढत नाही, त्याला हात लावू नये. रूप, वजन, वय, आजार, पगार, बोलण्याची ढब आणि नवरा-बायकोतले वाद हे विषय यादीतून आधीच काढून टाकावेत. सुचवण्यासाठी पेटी ठेवायला हरकत नाही. मात्र ती समारंभाच्या आठ दिवस आधी उघडावी आणि मंडळातल्या दोन जाणत्या माणसांनी, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष, सर्व चिठ्ठ्या वाचून घ्याव्यात. नंतर ज्याचा त्याला एक फोन: "काका, तुमचा तो नाल्यातला किस्सा घेतला तर चालेल ना?" काका हसून "घ्या की!" म्हणाले तर ठीक. "बघा, तुमची मर्जी," म्हणाले तर समजावे, की नको. मुलांना मात्र थट्टेचा नव्हे, साधा कौतुकाचाच किताब द्यावा.

समारंभ तासाभराचा पुरे. पहिला किताब सूत्रसंचालकाने स्वतःवर घ्यावा, म्हणजे पुढच्यांना धीर येतो. प्रत्येक किताबाला दोन ओळी थट्टेच्या आणि एक ओळ खऱ्या कौतुकाची असावी. मग मानकऱ्याला अर्धा मिनिट उलट चिमटा काढायची संधी द्यावी. एक पथ्य या खेळाचे खास: किस्सा सांगताना डब्याची नेमकी जागा सांगायची नाही. समोरच्या कित्येकांना तो अजून शोधायचा असतो!

बक्षिसांसाठी चंडीगडकरांना जसपाल भट्टींची आठवण पुरेशी आहे. 'फ्लॉप शो'वाल्या भट्टींच्या नॉनसेन्स क्लबने सप्टेंबर २००९ मध्ये शहरात भाज्या, डाळी आणि तेल मांडून एक स्टॉल लावला होता. या महागड्या वस्तू कडी फेकून जिंका, असे आमंत्रण! महागाईवर त्याहून नेमके भाषण कोण करणार? २०१२ मध्ये अपघातात भट्टी गेले. आपणही चकचकीत करंडकांऐवजी किलोभर कांदे, तूरडाळीची पुडी, स्टीलचा छोटा डबा, विजेरीचे सेल अशी बक्षिसे ठेवावीत. खर्च घरटी वर्गणीत बसतो आणि बक्षीस दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते.

जागा आणि वेळही विचाराने ठरवावी. चंडीगडला डिसेंबर-जानेवारीत धुके, मे-जूनमध्ये ऊन. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च उत्तम. सार्वजनिक बागेत जमायचे तर रीतसर परवानगी घ्यावी. समारंभात मुलांसाठी डबे लपवायचे असतील, तर पहारेकऱ्याला आधी सांगावे, डबे पारदर्शक असावेत आणि त्यांवर खेळाचे नाव ठळक लिहावे. ज्या शहराने ३१ ऑगस्ट १९९५ रोजी सचिवालयाच्या दारात बॉम्बस्फोटात पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग गमावले, तिथे बेवारस डबा ही गमतीची वस्तू नव्हे. परवानगी आणि चिठ्ठी यांत जो कधी चुकत नाही, अशा सदस्यासाठीही एक किताब राखून ठेवावा: 'उघड कारभार'.

यादी पक्की करण्यापूर्वी सर्व घरांची नावे एका कागदावर लिहून पाहा. कोणाच्याच पुढे किताब नाही असे एखादे घर उरते का? बहुधा ते त्या आजोबांचे असेल, जे दर रविवारी न चुकता येतात, गाडीजवळ थांबून सर्वांच्या पिशव्या सांभाळतात आणि ज्यांच्या नावापुढे अजून भोपळाच आहे. त्यांना काय द्यायचे, हे आधी ठरवा. मोठ्या आकड्याचा करंडक मग सावकाश ठरला तरी चालेल.