पाण्याचा शास्त्रज्ञ कुणाचा?

नंदुरबार जिल्ह्यात मार्च उजाडला की आपल्या शाखांचे ठरलेले काम सुरू होते. टँकरचे अर्ज, विंधन विहिरीच्या मागण्या, तहसील कचेरीवर हंडा मोर्चा. ह्या धावपळीत सरकारी पाणी-यंत्रणेतला शास्त्रज्ञ आपल्या खिजगणतीतही नसतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा भूवैज्ञानिक असो की प्रयोगशाळेत पाणी तपासणारा रसायनशास्त्रज्ञ असो, आपण त्याला ‘साहेब’ म्हणतो आणि सरकारचा माणूस म्हणून बाजूला सारतो. ही आपली चूक आहे व ती गरिबाला महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे काम काय, हे आधी समजून घेऊ. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या डोंगरांत पाऊस पडतो, पण तो उतारावरून धावत नदीला मिळतो. खाली आहे काळ्या पाषाणाचे थरावर थर. एकसंध थरात पाणी मुरत नाही. झिजलेल्या, भेगाळलेल्या वा सच्छिद्र थरातच ते साठते. त्यातच नंदुरबार-धुळे पट्ट्यात ह्या थरांना छेदून उभ्या भिंतींसारखे शेकडो डाइक गेले आहेत. एखादा डाइक पाणी अडवून धरतो, एखादा भेगाळलेला डाइक ते वाहून नेतो. म्हणून एका पाड्यावरच्या हातपंपाला पाणी लागते आणि हाकेच्या अंतरावर नुसती धूळ उडते. ह्यात नशिबाचा भाग थोडा आणि खडकाचा मोठा. हा खडक वाचणारा माणूस जनतेच्या पैशाने नेमलेला आहे.

आणि आपण काय करतो? कार्यकर्त्यांनी रागावू नये. पण ‘बोअर द्या’ एवढी एकच मागणी घेऊन आपण वर्षानुवर्षे मोर्चे काढले. जागा कोणती, खाली थर कोणता, वरच्या अंगाला पाणी मुरवण्याची सोय आहे काय, हे विचारले नाही. बोअर पुढाऱ्याच्या अंगणाजवळ पडली, मे महिन्यात आटली आणि बायाबापड्या पुन्हा नाल्याच्या वाळूत झिरा उकरू लागल्या. भूवैज्ञानिकाचा अहवाल मात्र फायलीत सुरक्षित राहिला.

पाणी लागले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. पाणी उकळल्याने वा त्यात ब्लीचिंग पावडर टाकल्याने नायट्रेट जात नाही. डोळ्यांना ते दिसत नाही, जिभेला कळत नाही. ते केवळ तपासणीत कळते. जंतुतपासणीचा नमुना तर शक्यतो चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा लागतो. नर्मदाकाठच्या ज्या पाड्यांवरून होडीने निघून पुढे घाट उतरावा लागतो, तेथला नमुना वेळेत कसा पोचणार? ह्याचे उत्तर शास्त्रज्ञाच्या टेबलावर मिळणार नाही. वाहन, माणूस आणि जवळची प्रयोगशाळा ह्यांसाठी पैसा काढणे हा राजकीय निर्णय आहे.

आता खाली तापीच्या खोऱ्यात या. शहादा-तळोद्याच्या गाळाच्या जमिनीत ऊस, केळी आणि पपई उभी आहे. ज्याच्यापाशी भांडवल तो अधिक खोल जातो, आणि शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची उथळ विहीर मुकाट्याने कोरडी पडते. ह्यावर कायदा नाही असे नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदता येणार नाही, असे १९९३ सालच्या कायद्याने ठरवले. २००९ सालच्या भूजल अधिनियमाने ६० मीटर व त्याहून खोल विहिरींचाही विचार केला. परंतु हे कायदे ज्याच्या मोजणीवर उभे राहतात, तो शास्त्रज्ञच दुबळा ठेवला तर कलमे कागदावरच राहणार. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. ती मोजणी बागाईतदाराला अडचणीची असते. मोजणाऱ्याच्या पाठीशी संघटित जनता नसेल, तर बदलीची धमकी पुरेशी ठरते. पाणी-स्वच्छतेच्या जिल्हा कक्षांतले सल्लागार तर वर्षानुवर्षे कंत्राटावर राबत आले आहेत. ज्याची नोकरी दरवर्षी नव्याने ठरते, त्याने बलवंताविरुद्ध निर्भयपणे लिहावे ही अपेक्षा न्याय्य आहे काय?

तज्ज्ञाचे खरे बोलणे उशिरा आले तर काय होते, हे ह्या जिल्ह्याने भोगले आहे. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली. १९९२ साली जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने पुनर्वसन आणि पर्यावरण ह्या दोन्ही बाबतींत परखड ठपका ठेवला. मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज रद्द झाले, पण धरण थांबले नाही. त्याच वर्षी मणिबेलीत पाणी शिरले. २०१९ साली जलाशय काठोकाठ भरला. सत्य बाहेरून आले, आणि बांधकाम बरेच पुढे गेल्यावर आले. ते आधी यायला हवे आणि आपल्याच सार्वजनिक सेवेतून यायला हवे.

कुणी म्हणेल, सरकारचे मीठ खाणारा जनतेच्या बाजूने कसा उभा राहील? शंका रास्त आहे. व्यक्तीच्या सद्‌गुणावर विसंबून चालणार नाही, म्हणून व्यवस्थाच बदलून घेतली पाहिजे. १९९६ सालच्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले आहे. मग पाण्याचा प्रत्येक अहवाल ग्रामसभेत, लोकांना कळेल अशा भाषेत, भिलीत आणि पावरीतही, वाचून दाखवलाच पाहिजे. शास्त्रज्ञांच्या व तपासनिसांच्या जागा कायम झाल्या पाहिजेत. अप्रिय आकडा लिहिला म्हणून कुणाची बदली झाली, तर ती आपल्याच माणसाची बदली समजून आपण रस्त्यावर आले पाहिजे.

येत्या उन्हाळ्यात प्रत्येक शाखेने एक काम करावे. हंडा मोर्चा काढण्यापूर्वी आपल्या गावच्या विहिरीचा तपासणी अहवाल मागावा, तो लिहिणाऱ्याला ग्रामसभेत सन्मानाने बोलवावे आणि त्याला सर्वांदेखत विचारावे. पाणी जनतेचे असेल, तर त्या पाण्याचे ज्ञानही जनतेचेच आहे.