दवंडी, खाट आणि विश्वास



गलोंड्याचे एक वृद्ध शेतकरी सिल्वासाच्या बाजारात भेटले. बोलता बोलता करोनाच्या साथीची आठवण निघाली. २०२१ साली त्यांच्या घरी ताप आला, तेव्हा तीन दिवस घरच्यांनी तो शेजाऱ्यांपासूनही लपविला होता. देवकृपेने रोगी बरा झाला. “असे का केलेत?” असे आम्ही विचारताच ते म्हणाले, “सरकार म्हणते, साथ आली आहे, ताप लपवू नका, इस्पितळात या. यायला आमची ना नाही. पण तिथे रात्री आमच्या माणसाजवळ कोण बसणार?”

या प्रश्नास अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी सबंध मुंबईने विचारला होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील रोगी तपासून डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी निदान केले की, हा गाठीचा प्लेग होय. ते निदान सहजासहजी कोणाच्या गळी उतरले नाही. व्यापार बुडेल, बंदर ओस पडेल, या धास्तीने कित्येक दिवस ‘संशयित ताप’ असे मोघम शब्द वापरले गेले. पुढे जेव्हा सत्य मान्य झाले, तेव्हा सक्तीचा वरवंटा फिरू लागला. घरोघर तपासणी होऊन रोग्यांना बळजबरीने आर्थर रोडच्या इस्पितळात नेऊ लागले. रोगी अखेरच्या घटकेला आणले जात, म्हणून तेथे पुष्कळ मरत. आणि पुष्कळ मरत, म्हणून लोक रोग्याला अखेरच्या घटकेपर्यंत लपवीत. इस्पितळात माणसे मारतात, अशी वदंता पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला. लाखो माणसे शहर सोडून गेली, आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून प्लेगच्या दिवसांत उभारलेले क्रूस आजही त्या भयाची व श्रद्धेची साक्ष देत उभे आहेत.

मग ही गाठ सुटली कशी? पारशी, भाटिया, जैन, मेमन अशा निरनिराळ्या समाजांनी १८९७ साली आपापली प्लेग इस्पितळे उघडली. रोग तोच होता, औषधेही फारशी निराळी नव्हती. परंतु खाटेजवळ आपल्या भाषेत बोलणारे, आपल्या रीतीचे अन्न देणारे माणूस होते. आप्तांना जवळ येण्याची मुभा होती. जे सरकारी इस्पितळाच्या नावाने पळत होते, ते तेथे येऊ लागले. प्लेगची लस शोधणारे डॉ. हाफकिन यांनीही जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मग लोकांकडे दंड मागितला.

पुण्याची गोष्ट याहूनही बोलकी आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. प्लेग अधिकारी रँड यांचे शिपाई घरांत शिरून झडत्या घेऊ लागले. त्या संतापाचा शेवट २२ जूनच्या गोळीबारात झाला, हे सर्वश्रुत आहे. त्याच पुण्याजवळ, त्याच वर्षी सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून उचलून आणले. त्यातच त्यांना रोगाची बाधा झाली व १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. एकाने हुकूम आणला, दुसरीने पाठ दिली. लोकांनी कोणावर विश्वास ठेवला असेल, हे सांगावयास हवे काय?

आता आपल्या दिवसांकडे वळू. ७ मार्च २०२५ रोजी सिल्वासात नमो रुग्णालयाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले; त्यात ४५० खाटा आहेत. खानवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. या भागात ही लहान गोष्ट नव्हे. परंतु खाट म्हणजे केवळ लोखंड आणि गादी नव्हे. अतिदक्षता विभागात एका रोग्यामागे एक परिचारिका असावी, असा दंडक आहे. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या, तर अशा दहा खाटांना तीस परिचारिका लागतात; सुट्टी व आजारपण धरल्यास त्याहून अधिक. खाटा महिन्यात विकत घेता येतात. परिचारिका घडावयास वर्षे लागतात. म्हणून ‘इतक्या खाटा सज्ज आहेत’ असे कोणी सांगितले, की ‘रात्री त्यांच्याजवळ किती माणसे?’ हे नम्रपणे विचारणे हा गावाचा हक्क आहे. आमच्या वृद्ध शेतकऱ्याने तेच विचारले.

सरकारनेही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आणीबाणीची घोषणा म्हणजे लोकांकडून घेतलेले कर्ज होय. ते फेडावे लागते. रोग कोणता, कोठे, काळजी काय घ्यावी, कोठे जावे, हे दवंडीत स्पष्ट हवे. ते वारली-कोकणी बोलीत हवे. आणि संकट सरल्यावर तसे सांगणेही हवे. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी ३० जानेवारी २०२० रोजी पुकारली, तशीच ५ मे २०२३ रोजी ती संपल्याचेही जाहीर केले. आरंभ सांगणाऱ्याने शेवटही सांगावा, तरच पुढल्या वेळी त्याचे ऐकले जाते.

आणि आपण? आपलेही कर्तव्य आहे. करोनाच्या दिवसांत आरोग्य सेवकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले, आणि त्यांच्या रक्षणासाठी २०२० साली त्याच १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. ही आपणां सर्वांस लाज आणणारी गोष्ट होय. आपल्या पाड्यावर येणाऱ्या नर्सबाईचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? तिला आपण पाणी विचारतो काय? साथीच्या दिवशी जिचे ऐकावयाचे, तिची ओळख साथ येण्यापूर्वीच करून घ्यावी. ग्रामसभेत रस्त्याबरोबर दवाखान्यातील रिकाम्या जागांचाही विषय काढावा. सिल्वासात २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. घरातील हुशार मुलीस दहावीनंतर घरी न बसविता शिकू द्यावे, परिचारिका होऊ द्यावे. तिच्या हाती जी खाट येईल, तिच्याजवळ जाण्यास गलोंड्याचा कोणी भिणार नाही.

त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही तेव्हा समर्पक उत्तर देऊ शकलो नाही. मागाहून सुचले ते इतकेच: “बाबा, रात्री तुमच्या माणसाजवळ तुमचीच नात बसेल, तिला शिकवा मात्र.”