जावईबापूंचा बंपर

सासऱ्याने जावयाच्या घरी पाहुण्यासारखे बसावे, वर्तमानपत्र वाचावे आणि पानात पडेल ते मुकाट्याने जेवावे, असा आपल्याकडचा जुना रिवाज. तो मोडला की काय होते, हे मला गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडात कळले.

आमची कन्या आणि जावई ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन या गावी राहतात. गाव थेम्स नदीच्या काठचे, लहानसे. पण जुन्या मोटारींच्या षोकिनांना ते काशीसारखे. एम.जी. नावाच्या छोट्या, वेगवान गाड्या इथल्या कारखान्यात तयार होत. कारखाना १९८० साली बंद पडला. पण त्यातल्या 'एम.जी.बी.' या गाडीचे १९६२ पासून तोवर पाच लाखांहून अधिक नग बाहेर पडले होते. त्यातलाच एक, १९७१ सालचा, जावईबापूंच्या दारात उभा असतो. दोन आसने, वर कापडी छप्पर, आणि मागेपुढे आरशासारखे लखलखणारे पोलादी बंपर. १९७४ च्या उत्तरार्धापासून अमेरिकेतल्या नियमांपायी या गाडीला काळे रबरी बंपर आले. जावईबापू त्यांचे नाव काढले तरी नाक मुरडतात. यावरून त्यांचा जीव कुठे अडकला आहे, ते वाचकांनी ओळखावे.

एके दिवशी सकाळी अंगण झाडावे म्हणून मी ती गाडी हातभर पुढे घ्यायला बसलो. पुण्यात पंचवीस वर्षे फियाट चालवलेला माणूस मी. मला कोण शिकवणार? पण आमच्या फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि हिचा खाली दोन आसनांच्या मध्ये. मला वाटले पहिला गिअर पडला. पडला होता रिव्हर्स! फाटकाच्या विटांच्या खांबाने आम्हां दोघांना थांबवले.

बंपरची डावी बाजू आत गेली, उजवी बाहेर आली, आणि डाव्या अंगाची चकचकीत पट्टी टोकाशी उखडून वर उभी राहिली. जावईबापू बाहेर आले, त्यांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाबा, तुम्हांला लागलं नाही ना?" बस्स! पुढे एक अक्षर नाही. ते ओरडले असते तर मला जेवण गेले असते.

रात्री मी एका पाकिटात पौंडांच्या नोटा घालून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. सकाळी पाकीट माझ्या चहाच्या कपाखाली होते. कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना परकं समजता, याचं त्यांना वाईट वाटलं." जावईबापू एवढेच म्हणाले, "पैसे नकोत. रविवारचे दोन तास द्या."

पहिल्या रविवारी मी हौसेने पाने मांडले. एकही बसेना. फियाटचे नट मिलिमीटरचे, आणि ही अस्सल इंग्रज गाडी, सगळे इंचांत! अर्धा इंची पाना आला तेव्हा नट गंजलेले निघाले. जोर लावला तर बोल्टच तुटायचा, म्हणून गंज सोडवणारे तेल सोडले, चहा घेतला, पुन्हा तेल सोडले. दुपारी एकेक नट कुरकुरत सुटला.

माझा बेत सरळ होता : आत गेलेली बाजू ओढायची, बाहेर आलेली ठोकायची. जावईबापूंनी हातोडी हळूच माझ्या हातून काढून घेतली. "बाबा, आधी वाकलंय काय, ते बघू. यावर तांबं, निकेल आणि क्रोमियम असे थर आहेत. ठोकलं तर ते तडकतील."

मग त्यांनी बंपर जुन्या सतरंजीवर ठेवला. चांगल्या अर्ध्या बाजूचा आकार जाड पुठ्ठ्यावर काढून कापला, पुठ्ठा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावला. तंतोतंत बसला! बंपरला टोकाशी नखाएवढा पोचा होता, पण वाकला नव्हता. वाकली होती मागची त्याला धरणारी लोखंडी पट्टी.

तरी एक धास्ती होती. या गाडीला वेगळी चासी नाही. सारे अंग एकाच पत्र्याचे बांधलेले. धक्का आतपर्यंत गेला असेल तर बंपर कधीच सरळ बसायचा नाही. म्हणून गाडीखाली आडवे होऊन आम्ही मागच्या पाट्यांच्या टोकांपासून समोरच्या बाजूच्या बोल्टच्या भोकापर्यंत तिरके माप घेतले : आधी डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. टेपचे एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. दोन्ही मापे सारखी भरली. तीन दिवसांत मला पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

गाडीखाली असताना उजवी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती. तिचा रंग डावीपेक्षा नवा, आणि बोल्टवर एका ऐवजी दोन वॉशर. मी विचारले. जावईबापू म्हणाले, "जुन्या मालकाचं काम असेल," आणि टेप गुंडाळू लागले.

नवी पट्टी टपालाने आली. या गाडीचे भाग अजून मिळतात. १९८८ पासून तर अख्खा सांगाडाही जुन्याच साच्यांवर नवा तयार होऊ लागला. दुसऱ्या रविवारी बंपर चढवला. सुतारकामातली लेव्हल आडवी ठेवून मी बुडबुडा अगदी मधोमध आणला, बोल्ट आवळले आणि ऐटीत मागे सरकून पाहिले. बंपर वाकडा! डिकीखालची फट उजवीकडे कमी, डावीकडे जास्त. लेव्हल म्हणे सरळ, डोळा म्हणे तिरका.

"बाबा, लेव्हल खोटं बोलत नाही," जावईबापू हसून म्हणाले. "गाडीच उजवीकडे कललीय. पन्नास वर्षांत त्या बाजूचे पाटे बसलेत. आपल्याला बंपर जमिनीशी जुळवायचा नाही, गाडीशी जुळवायचाय."

सगळे बोल्ट पुन्हा सैल केले. बोटाने फिरतील एवढेच ठेवले, बंपरखाली लाकडी ठोकळे दिले आणि दोन्हीकडची फट सारखी दिसेपर्यंत पुठ्ठ्याच्या चकत्या सरकवल्या. जिथे कमी पडले तिथे पातळ वॉशर घातला. मग डावा नट अर्धा फेरा, उजवा अर्धा फेरा, पुन्हा डावा. एक बाजू एकदम आवळली की ती दुसरीला वर उचलते. दर दोन फेऱ्यांनी एकाने पंधरा पावले मागे जाऊन बघायचे. तरीही गाडीच्या दोन बाजू अगदी जुळ्या नव्हत्याच, दोन सुतांचा फरक राहिला. तो आम्ही दोन्हीकडे वाटून टाकला.

तिसरा रविवार चकचकीत पट्टीचा. मी ती थेट बसवायला निघालो, तर आधी दार तपासणे आले. ती रेषा दारावरूनही जाते, दार खाली उतरलेले असेल तर पट्टी काय करणार? दार ठीक होते. मग पुढच्या टोकापासून मागच्यापर्यंत कागदी चिकटपट्टीची एक सरळ रेघ मारली आणि तिच्या धारेने चिमट्यांवर पट्टी दाबत गेलो. चिकटपट्टी काढली, तेव्हा उन्हात ती रेषा दिव्यापासून दिव्यापर्यंत अखंड धावत गेली.

आम्ही दोघे फाटकाच्या खांबावर टेकून बघत राहिलो. लग्नाला सात वर्षे झाली. इतक्या वर्षांत "जेवण झालं का" आणि "तब्येत कशी आहे" यापलीकडे आमचे बोलणे गेले नव्हते. पोरीला एवढ्या लांब नेली, ही अढी माझ्या मनात होतीच. माझी लेव्हल पुण्याच्या जमिनीवर ठेवलेली, आणि त्यांचा संसार मी तिथून मोजत होतो.

"पोचा राहिला," मी म्हणालो. "नवा मुलामा द्यायचा तर मी..."

"राहू दे," ते म्हणाले. मग घराच्या खिडकीकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "बाबा, ती उजवी पट्टी जुन्या मालकानं नाही बदलली. गाडी आणली त्याच महिन्यात मी याच खांबावर घातली होती. तुमची मुलगी माहेरी आली होती. तिला अजून ठाऊक नाही."

मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि वचन दिले की ही गोष्ट या खांबापलीकडे जाणार नाही.

आता हा दिवाळी अंक टपालाने ॲबिंग्डनला पोचतो आणि आमची कन्या तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, ही गोष्ट लेख लिहून झाल्यावर लक्षात आली. जावईबापू, क्षमा असावी. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतो. पाटे बदलायचे राहिलेच आहेत.