काका, इकडे बघा!

आमच्या लोखंडी कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात, जुन्या लग्नपत्रिका आणि कालबाह्य पंचांगे यांच्या सोबतीने, एक व्हीएचएस कॅसेट गेली कित्येक वर्षे पडून होती. तिच्या पाठीवर आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते : 'काका, गिटार, दिवाळी १९८८'. अक्षर इतके ठसठशीत, की जणू काही आम्ही इतिहासाचे एक साधन पुढील पिढ्यांच्या हवाली करीत होतो. त्यानंतर ती कॅसेट फार तर दोनदा पाहिली गेली असेल. पुढे घरातला व्हीसीआर बिघडला, तो दुरुस्त करणारा सुलतान बाजारातला कारागीर दुकान मिटवून गेला आणि २०१६ साली तर जपानच्या फुनाई कंपनीने शेवटचे व्हीसीआर बनवणेही थांबवले. कपाट आवरताना कॅसेट हाती लागे, आम्ही तिच्यावरची धूळ पुसत असू आणि ती पुन्हा जागेवर ठेवीत असू.

ती बाहेर निघाली ती काकांच्या नातीमुळे. ही मुलगी काकांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. काका १९९४ साली गेले. तिने आजोबांची गिटार पाहिली ती भिंतीवर टांगलेली, खोळीत. गेल्या वर्षी तिने ती खाली काढली आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहून पाहून ती वाजवू लागली. ती जे पाहत होती, ते आम्हीही एका संध्याकाळी काचीगुड्याच्या घरी तिच्या शेजारी बसून पाहिले. हवाई बेटांवरचे कुणी एक वृद्ध गृहस्थ आपल्या घराच्या ओसरीवर बसले आहेत. अंगात फुलाफुलांचा सदरा, पायांत काही नाही. मागे कोंबडे आरवते आहे. गृहस्थ सहा तारा एकेक करून छेडतात, एखादी खुंटी किंचित पिळतात आणि वाजवू लागतात. चित्रण घरातल्याच कुणीतरी केलेले असावे. कॅमेरा हललेला, उजेड बेताचा. परंतु दोन्ही हात अगदी स्वच्छ दिसत होते.

या वादनपद्धतीचे नाव 'की होआलू'. इंग्रजीत तिला स्लॅक की म्हणतात; आपण सैल तारांची गिटार म्हणू. १७९३ साली व्हँकुव्हर या दर्यावर्दीने पहिल्या कामेहामेहा राजाला गुरे भेट दिली. ती माजली, रानोमाळ झाली, तेव्हा तिसऱ्या कामेहामेहाने १८३०च्या सुमारास मेक्सिकोकडून गुराखी बोलावले. त्यांच्याबरोबर गिटार आली. गुराखी परतले, वाद्ये मागे राहिली. आणि ती कशी लावायची हे पुरते शिकवायला कुणी नसल्यामुळे बेटावरच्या लोकांनी तारा आपल्या कानाला रुचतील तशा सैल केल्या, असे सांगतात. त्यांतली सर्वांत प्रचलित जुळवणी 'टारो पॅच' या नावाने ओळखली जाते. तिचे पाश्चात्त्य स्वर आपल्या भाषेत मांडले, तर जाड तारेकडून बारीक तारेकडे असे येतात : पंचम, षड्ज, पंचम, षड्ज, गंधार, पंचम. वाचकहो, ज्याच्या घरात कधी काळी तंबोरा लागला आहे, त्याला हे परके वाटेल काय? आणखी एक जुळवणी आहे, 'वाहिने' म्हणजे स्त्री या नावाची. तीत मधला षड्ज खाली उतरवून शुद्ध निषादावर आणतात. आपल्याकडेही मारवा, पूरिया गाताना तंबोऱ्याची पंचमाची तार निषादावर नेतातच.

या जुळवण्या तिकडे कुटुंबाच्या मालकीच्या असत. अमक्या घराण्याची अमुक जुळवणी. ती परक्याला दाखवायची नाही. वादक वाजवणे संपले की तारा मुद्दाम बिघडवून वाद्य खाली ठेवीत, अशाही आख्यायिका आहेत. गॅबी पाहिनुई यांनी १९४६ साली 'हिइलावे'ची ध्वनिमुद्रिका केली, तिच्यापासून ही विद्या घराबाहेर पडली असे मानतात. त्यांच्या वायमानालोच्या घरी आठवड्याच्या अखेरीस वादकांचा मेळा भरे. १९७३ साली केओला बीमर यांनी ती शिकवणारे पुस्तक काढले. आपल्याकडे पंडित भातखंडे यांनी उस्तादांच्या घरोघर फिरून बंदिशी मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकांत छापल्या, त्याचीच ही दूरदेशीची बहीण. मात्र पुस्तकात हात दिसत नाही. अंगठा खालच्या तारांवर चालत राहतो आणि बोटे वर सूर काढतात, हे कागदावर कितीही लिहिले तरी ते पाहिल्यावाचून उमगत नाही. म्हणून घरगुती चित्रणांचे मोल.

आमच्या काकांची गिटार या प्रकारातली नव्हे. त्यांची 'हवाईयन गिटार', मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची. ही दोन वाद्ये एकच समजण्याची चूक आम्हीही अनेक वर्षे केली. वस्तुतः दुसरी पहिलीच्या पोटी जन्मली. ओआहू बेटावरील लाइए गावचा जोसेफ केकुकू हा शाळकरी मुलगा १८८९च्या सुमारास सैल तारांवर पोलादाचा तुकडा घासू लागला, असा तिचा इतिहास सांगतात. गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि एका जहाजाच्या कप्तानाने पळवून हवाईत नेलेल्या मुलाने ही युक्ती आधीच दाखवली होती, अशीही एक कथा आहे. विचित्रवीणा आणि गोट्टुवाद्यम यांच्या देशातल्या आम्हां लोकांना ही कथा खरी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत. असो.

ही मांडीवरची गिटार आपल्याकडे रुजली ती प्रामुख्याने कलकत्त्यात. मूळचे सामोआचे, लाइए येथे वाढलेले टाऊ मो आपल्या कुटुंबासह १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवीत होते. बंगाली घरांतून रवींद्रसंगीत गिटारवर वाजू लागले. सुनील गांगुली, बटुक नंदी यांच्या तबकड्या निघाल्या. मुंबईच्या चित्रपटांत व्हॅन शिपले वाजवीत. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडला आणि १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीने ती घरोघर पोचली. १९९४ साली विश्वमोहन भट्टांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेव्हा काका रुग्णशय्येवर होते. वर्तमानपत्रातली बातमी आम्ही त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "आता तरी घरातले हिला सिनेमातलं वाद्य म्हणणार नाहीत."

काका रेल्वेत होते. तरुणपणी नोकरीनिमित्त खरगपूरला काही वर्षे काढली, तेथे एका बंगाली सहकाऱ्याकडून हे वाद्य शिकले आणि सिकंदराबादला बदली होऊन आले ते ती गिटार घेऊनच. आजोबांना ती मुळीच पसंत नव्हती. सतार चालली असती, पेटी तर अवश्य चालली असती; पण मराठी माणसाने हैदराबादेत बसून हवाईचे वाद्य बंगाल्याकडून शिकून वाजवावे, हे त्यांच्या गणितात बसेना. काका मात्र वाजवीत राहिले. गणेशोत्सवात वाजवले, शेजारच्या मुलीच्या साखरपुड्यात वाजवले. नाट्यपदे, भावगीते, आणि सगळ्यांत शेवटी, मंडळी पांगू लागली की, खमाजाची एक धून. ती धून वाजवण्यापूर्वी ते एक तार उतरवीत. कोणती, किती, हे आम्ही कधी विचारले नाही. विचारले असते तर ते म्हणाले असते, "बघून घे." शिकवताना ते एवढेच म्हणत.

१९८८च्या दिवाळीत आम्ही लग्नाचे चित्रण करणाऱ्याकडून एक दिवसासाठी कॅमेरा भाड्याने आणला. खांद्यावर घ्यायचा, चांगला जड. भाऊबिजेच्या दुपारी काका पाटावर बसले, आम्ही चित्रण सुरू केले. आणि जे नको ते सर्व केले. आमच्या हाती दृश्य जवळ आणण्याची एक कळ होती, तिने आम्हांला पार बहकवले. काकांचा चेहरा, काकांचा चष्मा, भिंतीवरचे प्रशस्तिपत्र, दारातले कंदील, पुन्हा काकांचा चेहरा. बहिणींच्या नव्या साड्या. फराळाचे ताट तर आम्ही इतके निरखून टिपले आहे, की चकलीचे काटे मोजून घ्यावेत. बावीस मिनिटांच्या त्या चित्रणात काकांचे हात एकूण पाऊण मिनिटही दिसत नाहीत.

हे सारे आम्हांला आता कळले. कोठीच्या एका दुकानदाराने ती कॅसेट दोन दिवस कोरड्या हवेत ठेवली, तिच्यावरची बुरशी हलक्या हाताने काढली आणि जमेल तेवढे संगणकावर उतरवून दिले. चित्राला आडव्या रेघा आहेत, रंग जांभळट झाले आहेत. आवाज मात्र बऱ्यापैकी आहे, जरी छताचा पंखा सतत घरघरतो. तो आम्ही बंद करायला हवा होता.

नातीने ते चित्रण तीनदा पाहिले. चेहऱ्याकडे तिचे लक्ष नव्हते. चौथ्यांदा तिने डोळे मिटून ते ऐकले आणि म्हणाली, "आजोबा आधी तारा वाजवून बघतायत. ऐका."

खरेच, शेवटच्या धुनीपूर्वी, पडद्यावर चकल्या दिसत असताना, काका सहा तारा एकेक छेडतात. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत, सावकाश. नातीने आपल्या गिटारवर एकेक स्वर जुळवून घेतला. पंचम. षड्ज. पंचम. पुढच्या तारेच्या क्षणी पडद्यामागून एक आवाज आला : "काका, इकडे बघा!" आवाज आमचा. छत्तीस वर्षांपूर्वीचा, तरुण आणि अतिशय उत्साही. तो ओसरतो तेव्हा गंधार वाजत असतो, मग शेवटचा पंचम. चौथा स्वर आमच्या हाकेखाली गाडला गेला आहे, आणि उतरवलेली तार नेमकी तीच.

प्रत्यक्ष धुनीतून तो शोधावा, तर काका सुरुवातीलाच कांडी सर्व तारांवर टेकवून निघतात; त्यात पंख्याची घरघर आणि भाच्याचे रडणे. त्यातून एक तार वेगळी काढणे आमच्या कानांना तरी जमले नाही.

नात मुकाट्याने कामाला लागली. प्रथम तिने तार षड्जावर ठेवून पाहिली. तीच तर नेहमीची, पोलादी गिटारची आणि त्या टारो पॅचचीही. काकू पलीकडे खाटेवर पडल्या होत्या. पंच्याऐंशी वर्षांच्या, गाण्यातले आपल्याला काही कळत नाही असे आयुष्यभर सांगत आलेल्या. आम्ही त्यांना झोपलेल्या समजत होतो. त्या म्हणाल्या, "ही नव्हे."

नातीने तार अर्ध्या स्वराने उतरवली. शुद्ध निषाद, ती हवाईची 'वाहिने'. सहाही तारांवरून बोट फिरवले.

"अजून थोडी ढिली कर," काकू म्हणाल्या.

खुंटी आणखी फिरली. तार कोमल निषादावर आली, आणि नातीने पुन्हा सहा तारा छेडल्या. काकू उठून बसल्या. "हं. आता ते म्हणायचे, चहा ठेव, शेवटचं वाजवतो."

आम्ही एव्हाना खिशातून भ्रमणध्वनी काढला होता. या खेपेस तो आडवा धरला आणि पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून वाद्याच्या उंचीवर ठेवला. पुढच्या भिंगाने चित्रण केले तर पडद्यावर उजवा हात डावा दिसतो, हे नातीनेच आम्हांला बजावले होते. म्हणून मागचे भिंग लावले. उजेड खिडकीतून येत होता, पंखा बंद केला होता. दृश्यात फक्त दोन हात आणि सहा तारा होत्या. नातीने आधी एकेक तार छेडून तिचा स्वर तोंडाने सांगितला, मग ती वाजवू लागली. धून अजून तिच्या हाती बसलेली नाही. दोनदा कांडी घसरली.

काकू मध्येच काहीतरी बोलल्या, ते चित्रणात आले आहे. आम्ही बोललो नाही.